भुताच्या प्रेमकादंबरीवर अभिप्राय कसा लिहावा

कादंबरी शेवटपर्यंत वाचली आहे हे गृहीत धरलंय. अर्ध्यात सोडली असेल तर कितव्या पानावर आणि कशाला कंटाळून, ते पहिल्याच ओळीत लिहा. तोही अभिप्रायच आहे, फक्त सगळं वाचल्याचा आव आणू नका.

कथासार चार-पाच ओळींत आटपा. पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात घडतं तेवढंच सांगा. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढू नका.

आता खरं काम: भुताचे नियम तपासणं. बहुतेक अभिप्राय इथेच फसतात. कुणी लिहितं, ‘कथा अवास्तव वाटली.’ अहो, नायक मेलेला आहे, आणखी कसलं वास्तव हवंय? कुणी लिहितं, ‘जादूच ती, काहीही चालतं.’ तेही खोटं. मेलेला माणूस प्रेमात पडतो हे आपण पहिल्या प्रकरणात मान्य करून बसलेलो असतो. त्यानंतर विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो: कादंबरीने स्वतः घालून घेतलेला नियम पाळला का?

त्यासाठी वाचतानाच एका कागदावर तीन रकाने आखा: पान, नियम, पुढे काय झालं. समजा, पान 40 वर तिची बोटं त्याच्या हातातून आरपार जातात आणि पान 180 वर तो तिच्या केसातला गजरा सोडवून उशाशी ठेवतो. मधल्या 140 पानांत काही घडलं का? एखादी अमावस्या, नवस, काहीतरी गमावून मिळालेली देहाची एक रात्र? घडलं असेल तर लेखिकेने नियम पुढे नेलाय, तिचं मोकळेपणी कौतुक करा. काहीच घडलं नसेल तर प्रणयप्रसंग हवा होता म्हणून नियम गुंडाळून ठेवलाय. तसंच लिहा आणि दोन्ही पानांचे आकडे द्या. ‘काही ठिकाणी विसंगती जाणवते’ हे वाक्य कृपा करून लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

स्पर्शाचा नियम सगळ्यात आधी तपासा. या कादंबऱ्यांतली सगळी ओढ त्याच्यावर उभी असते. तो फुकटात मोडला की पुढची विरहाची पानं कोरडी जातात, कारण अडथळाच उरलेला नसतो. मग बाकीचे: तो कुणाकुणाला दिसतो, वाड्याबाहेर जाऊ शकतो का, त्याचं वय वाढतं का, मरणाआधीचं त्याला काय आठवतं.

भूत आपल्या मातीतलं असेल तर जास्त जपून. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, पिंपळावर राहणारा मुलगा. त्याला तिशीतला रुंद खांद्यांचा नायक केला असेल तर तो मोठा कसा झाला याचा हिशेब कादंबरीने द्यायला हवा. हडळीचे पाय उलटे, मग प्रियकराच्या ते कधी लक्षात येतं? नुसतं नाव इथलं आणि गुण सगळे परदेशी व्हॅम्पायरचे, असं दिसलं तर बिनदिक्कत म्हणा.

दुसरी कसोटी: भूत काढून बघा. त्याच्या जागी परगावी नोकरीला असलेला प्रियकर ठेवला आणि गोष्ट तशीच चालली, तर भूत शोभेचं. विजयदान देथांची ‘दुविधा’ ही राजस्थानी कथा घ्या. नवरा व्यापाराला निघून जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. इथे भूत काढलं तर गोष्टच संपते.

त्याच कथेत भूत आपण कोण आहोत ते नवरीला आधी सांगतं आणि निवड तिच्यावर सोडतं. म्हणून संमतीबद्दल एक परिच्छेद हवाच. मोहिनी घातली, आठवणी पुसल्या, मनातलं चोरून ऐकलं, तर ते प्रेम कुणाच्या मर्जीचं? ‘ट्वायलाइट’ या इंग्रजी प्रेमकादंबरीतला व्हॅम्पायर नायक एडवर्ड 1901 साली जन्मलेला आणि त्याची प्रेयसी बेला 17 वर्षांची. ‘दिसतो तरी सतराचाच’ हे उत्तर तुम्हाला पटलं की नाही, ते आडवळणं न घेता लिहा.

शेवट फोडायचा नाही, पण त्याची चव सांगायची. ‘दुविधा’त मेंढपाळ भुताला पाण्याच्या कातडी पिशवीत कोंडतो, तर तिच्यावरून निघालेल्या ‘पहेली’ (2005) सिनेमात ते सुटतं आणि नवऱ्याच्या देहात शिरतं. (वीस वर्षं उलटलीत, आता रहस्यफोडीचा आळ नको.) गोष्ट तीच, पण गोड शेवटाच्या आशेने आलेला वाचक पहिल्या शेवटावर चिडेल. इंग्रजी बाजारात तर ‘रोमान्स’ म्हणजे आशादायी, समाधान देणारा शेवट असा रिवाजच आहे. म्हणून ‘शेवट गोड’ किंवा ‘शेवट जिव्हारी लागतो’ एवढं नक्की लिहा. कोण जिवंत होतं, कोण मरतं, ते नाही.

तारे शेवटी द्या, आणि नियम फुकटात मोडला असेल तर पाचपैकी तीनच्या वर जाऊ नका.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. पानांचे आकडे दिलेत तर आवृत्तीचं साल लिहा. ई-बुक वाचलं असेल तर पानाऐवजी प्रकरण द्या, कारण अक्षर मोठं केलं की पानं बदलतात.