दिसतंय छान, पण ऐकू येतंय का? नोटीस-परिपत्रक टाइप करताना या चुका टाळा

शाळेची सूचना असो, सोसायटीची नोटीस असो की ऑफिसचं परिपत्रक, ग्रुपवर येतं ते बहुतेक वेळा स्कॅन नाहीतर फोटो. ज्यांना दिसत नाही ते कॉम्प्युटरवर एनव्हीडीए किंवा अँड्रॉइड फोनमधल्या टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतात, आणि फोटोत स्क्रीन रीडरला वाचायला अक्षरंच नसतात. सहीशिक्क्यासाठी स्कॅन लागतोच ना, मग पाठवा की, पण सोबत मूळ टाइप केलेली फाइलपण द्या. मूळ फाइल हरवली असेल तर स्कॅन गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर निघतो, फक्त तारखा आणि आकडे स्वतः तपासा.

मराठीत याहून मोठा घोळ जुन्या फॉन्टचा आहे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं असतो, स्क्रीनवर झकास दिसतो पण स्क्रीन रीडर तीच इंग्रजी अक्षरं बडबडतो, ऐकणाऱ्याला काय कळणार! ओळखायचं कसं, तर एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, अगम्य काहीतरी आलं की समजा युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटर मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखतो ती पद्धत, नाहीये. मग जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, रफार आणि जोडाक्षरं नीट बघा कारण तिथेच गडबड होते, आणि पुढचं सगळं युनिकोडमध्येच टाइप करा.

मथळा नुसता बोल्ड करून मोठा केला तर तो मथळा होत नाही. वर्डमध्ये हेडिंग स्टाइल द्या, मग एनव्हीडीएवाला एच दाबत थेट हव्या त्या भागावर जातो, नाहीतर बारा पानं पहिल्यापासून ऐकत बसायचं. आणि पीडीएफ करताना प्रिंटमधून करू नका, हेडिंग तिथेच गळतात, सेव्ह ॲज वापरा.

‘लाल रंगातली नावं अपात्र’ असलं काही लिहू नका, नावापुढे ‘अपात्र’ लिहा. टेबलमध्ये मर्ज केलेले सेल टाळा. फोटोवर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोऐवजी स्क्रीन रीडर जे वाचतो त्यात, फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, म्हणजे ही मेहरबानी नाही, हक्क आहे त्यांचा. पाठवण्याआधी वर्डच्या रिव्ह्यू टॅबमधलं चेक ॲक्सेसिबिलिटी चालवा, पण जुना फॉन्ट त्याच्या नजरेतून सुटू शकतो, म्हणून फाइल फोनवर घेऊन टॉकबॅक लावून ऐकाच. टॉकबॅक चालू असताना एका टॅपला नुसतं निवडलं जातं, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, बंद करतानापण तसंच.