पोरगं अग्निवीर ट्रेनिंगला निघालंय: घरच्यांनी काय करायचं

निघायच्या आधीचे आठ दिवस आईचा जीव शेंगदाण्याच्या चटणीत आणि कडक भाकरीत अडकलेला असतो. करा, पण प्रवासापुरतीच करा. बहुतेक सेंटरमध्ये घरचं खाणं बराकीत ठेवू देत नाहीत, आणि डबा गेटवरच राहिला की पोराचा पाय तिथंच जड होतो. हा वेळ कागदांना द्या.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. दहावीची मार्कशीट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी-शेजारी मांडून मुलाचं, आईचं आणि वडिलांचं नाव अक्षर न अक्षर जुळवा, जन्मतारीखही. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेनं लिहिली जातात, त्यामुळे फरक हमखास निघतो. नॉमिनी, ४८ लाखांचा विमा, कुटुंबाची नोंद, सगळं याच नावांवर चढतं. दुरुस्तीला आठवडे जातात, म्हणून निवड यादीत नाव दिसलं की त्याच दिवशी सुरुवात करा. मूळ कागद त्याच्याकडे, सगळ्याचे स्कॅन घरी. पांढऱ्या बॅकग्राउंडचे ताजे फोटो वीस तरी द्या.

सामान जॉइनिंग लेटरच्या यादीबाहेर भरू नका. सुती मोजे मात्र सहा जोड आणि पायाला लावायची बुरशीनाशक पावडर द्या. आपली पोरं सोलापूरच्या होम मैदानावर कोरड्या हवेत पळालेली असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे, तिथल्या पावसाळ्यात मोजे वाळत नाहीत. ओल्या मोज्यात फोड येतात, बोटांच्या बेचक्यात कुजतं. बूट नवे असतील तर निघायच्या तीन आठवडे आधीपासून रोज घालून मऊ करा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, फोन. मोबाईल सहसा जमा करून घेतात आणि ठरलेल्या वेळीच, बऱ्याचदा रविवारी, थोडा वेळ हातात देतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस फोन आलाच नाही तरी घाबरू नका. आला की आधी त्याला बोलू द्या. 'जमत नाही, परत येतो' हे वाक्य पहिल्या महिन्यात कित्येक पोरं बोलतात: झोप कमी, अंग ठणकतंय, वर ओरडा. त्यावर 'ये बाळा' असंही म्हणू नका आणि 'लोक काय म्हणतील' असंही नको. 'आज काय शिकवलं? जेवलास का? पाय कसे आहेत?' एवढं विचारा. आईला रडू आवरत नसेल तर फोन आधी वडिलांनी घ्यावा. घरातलं आजारपण, शेताचा वाद, कर्जाचा हप्ता त्या पाच मिनिटांत काढू नका. तिथून त्याला काही करता येत नाही, रात्रभर छळतं मात्र. पण झोप उडालीय, जगायचंच नाही, असं काही बोलला तर वाट न बघता सेंटरला फोन करून कळवा. म्हणून त्याच्या कंपनीचा, म्हणजे ट्रेनिंगमधल्या तुकडीचा, फोन नंबर आणि पूर्ण पत्ता पहिल्याच फोनवर लिहून घ्या. पत्रही पाठवा. पोरं ती जपून ठेवतात.

दुखणं लपवू नकोस, हे त्याला निघतानाच बजावा. मागच्या बॅचला टाकतील या भीतीनं पोरं नडगीचं दुखणं दाबतात. सराव एकदम वाढल्यामुळे हाडाला बारीक तडा गेलेला असतो, तसंच पळत राहिलं की तो वाढतो. वेळेवर दाखवलं तर काही आठवडे जातात, लपवलं तर नोकरीही जाऊ शकते.

पैशाचं चोख सांगायचं तर पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या रकमेत, हातात २१,०००. सुरुवातीचा पगार उशिरा पडू शकतो, त्याच्या भरवशावर हप्ता बांधू नका. 'तुमच्या मुलाला अपघात झालाय, पैसे टाका' असा फोन आला तर आधी सेंटरला विचारा. वर्दीतला फोटो आणि युनिटचं नाव स्टेटसला ठेवू नका. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी मिळेल ही आशाही पोराला लावू नका.

मुलगी मिलिटरी पोलिसात गेली असेल तर सेंटर बेंगळुरूला. तिच्या बाबतीतही हेच सगळं.

शेवटच्या परेडला आई-वडिलांना बोलावतात, बऱ्याच सेंटरमध्ये गौरव पदक त्यांच्या छातीवर लावतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख पक्की कळली की लगेच तिकीट काढा. आत जाताना आधार लागतं. बसायला उन्हात दोन-तीन तास जाऊ शकतात. आजी-आजोबांना नेणार असाल तर टोपी, पाणी आणि त्यांच्या गोळ्या जवळ ठेवा.