स्ट्रिंग क्वार्टेट लातूरला बोलवायचं तर

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: वादनाला माईक लावायचा नाही. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली चौघांची मंडळी: दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचीच थोरली बहीण), एक चेलो (जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं वाद्य). शंभरेक माणसांच्या हॉलमध्ये त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपसूक पोचतो. साउंडवाला आग्रह धरेल. त्याला निवेदनापुरतं काम द्या. मोठं नाट्यगृह घेऊ नका. शाळेचा हॉल घ्या, वादकांना मधोमध बसवा आणि तीन बाजूंनी खुर्च्या मांडा.

पंख्यांची घरघर मंद सूर गिळते, वादकांचे स्वरलिपीचे कागदही उडतात. ते बंद ठेवावे लागतात, म्हणून तारीख डिसेंबर-जानेवारीचीच धरा. शिवाय ही वाद्यं सरसानं जोडलेली असतात. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवली तर सांधे उकलतात. वादकांना बिनहाताच्या खुर्च्या द्या, नाहीतर कोपर अडतं. शहाबादी फरशीवर चेलोचा टोकदार पाय घसरतो, तिथे जाड सतरंजी अंथरा.

तरुण वादकांना अवघडातलं अवघड वाजवून दाखवायची हौस असते. त्यांच्याशी आधीच बोला. माझा आग्रह ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या ओपस (म्हणजे रचनासंच) ७६, क्रमांक ३ चा असतो, रचना १७९७ ची. तिच्या दुसऱ्या भागात एकच संथ चाल आधी पहिल्या व्हायोलिनवर येते, मग दुसऱ्या व्हायोलिनकडे, चेलोकडे, व्हायोलाकडे जाते आणि शेवटी पुन्हा पहिल्याकडे येते. चाल तीच, भोवतीचं विणकाम बदलतं. भजनात एकाची ओळ दुसऱ्यानं उचलावी, तसं. ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेलं नाही, त्यांनाही चाल कुणाकडे गेली ते डोळ्यांनी दिसतं. वादनाआधी ती चाल एकदा नुसती वाजवून घ्या. दोन मिनिटांत अख्खा हॉल सोबत येतो. रचनेचे भाग चार आहेत आणि हल्ली टाळ्या चौथ्यानंतरच वाजवतात, हेही सांगून ठेवा. मधेच टाळ्या पडल्या तर कुणाला दटावू नका. हायडनच्या काळातही पडायच्या.

आता पैसे. आम्ही खेड्यांतून लातूरला शिकायला येणाऱ्या मुलींच्या मेससाठी निधी जमवतो. आवाहन मध्यंतराच्या आधी करा, शेवटी लोक चपला शोधत असतात. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करवजावट मिळत नाही, म्हणून टेबलावर क्यूआर कोड ठेवा. वादकांचं मानधन आणि प्रवासखर्च देणगीतून कापायचा नाही. त्यासाठी मोंढ्यातला एखादा आडत्या आधीच गाठा.