मोठ्या प्रोजेक्टमध्ये नवीन आहात? व्हेलॉसिटीच्या आधी हे बघा

सॉफ्टवेअर टीममध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, आपली व्हेलॉसिटी किती? मी पण हेच विचारायचो. व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये (काही आठवड्यांच्या ठरलेल्या टप्प्यात) किती स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजे गुण) उरकले, बस. पुढच्या स्प्रिंटला किती काम झेपेल याचा अंदाज बांधायला तो आकडा कामाचा, पण धंद्याला काय फायदा झाला ते त्यातून कळत नाही, आणि दोन टीमचे आकडे शेजारी ठेवून तर काहीच कळत नाही कारण प्रत्येक टीमचा पॉइंट वेगळा.

मला हे एका रिव्ह्यूत, म्हणजे झालेलं काम दाखवायच्या बैठकीत, कळलं. सहा टीमचं प्रोजेक्ट, आमच्याकडे रिपोर्टची स्क्रीन, तीन स्प्रिंट खपून तिच्यावर अकरा फिल्टर बसवले, सगळ्या स्टोरी (कामाचे छोटे तुकडे) डन. त्या दिवशी रोज तो रिपोर्ट काढणाऱ्या मॅडम पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी एकाही फिल्टरला हात न लावता थेट एक्सेलचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "यात अडकलेल्या एंट्री वेगळ्या का दिसत नाहीत? त्याच शोधण्यात माझी सकाळ जाते." काम एका कॉलमचं! बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) होतंही, पण तळाला, कारण त्याचा डेटा दुसऱ्या टीमकडून यायचा होता आणि त्यांच्या यादीत ते आणखी खाली होतं.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये घोळ होतो तो इथेच. प्रत्येक टीम आपापलं काम मन लावून करते, पण युजरच्या हातात काही पडायला तीन-चार टीमचे तुकडे जुळावे लागतात आणि ते जुळवायचे कोणी हे ठरलेलंच नसतं. स्प्रिंटमध्ये काम करायच्या या पद्धतीला स्क्रम म्हणतात, आणि तिची २०२० ची स्क्रम गाइड याबाबत स्पष्ट आहे: एका प्रॉडक्टवर कितीही टीम असल्या तरी प्रॉडक्ट गोल एक, बॅकलॉग एक, प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी हे ठरवणारा माणूस) एक. आमच्याकडे बॅकलॉग सहा होते.

कामांचा क्रम लावायला सेफमधला (SAFe, अनेक टीमच्या प्रोजेक्टसाठीची पद्धत) डब्ल्यूएसजेएफ (WSJF) हा हिशोब शिकून घ्या, अवघड नाही, उशीर झाल्याने होणारं नुकसान भागिले कामाचा आकार, ज्याचं उत्तर मोठं ते आधी. आकडे अंदाजाचेच असतात, पण ते ठरवताना जी चर्चा होते ना तिथेच खरी माहिती बाहेर येते. आमचा तो कॉलम या हिशोबात झटक्यात वर आला असता.

रिफाइनमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या स्टोरी नीट समजून घ्यायच्या चर्चेत, नवीन आहोत म्हणून गप्प बसू नका. हे कोण वापरणार, आज तो माणूस हेच काम कसं करतो, हे दिल्यावर त्याचं काय सुटेल, एवढं विचारा आणि उत्तर तिकिटात (त्या स्टोरीच्या नोंदीत) पहिल्या ओळीत लिहून ठेवा. उत्तर कोणाकडेच नसेल तर ती स्टोरी स्प्रिंटमध्ये घेऊ नका म्हणून सांगा, सिनियर समोर असला तरी.

रिलीजनंतर दोन आठवड्यांनी मी लॉग (सिस्टिममधल्या वापराच्या नोंदी) उघडून ते फीचर किती जणांनी वापरलं ते बघतो, आणि कोणी वापरत नसेल तर त्याच्या पुढच्या स्टोरी थांबवायला प्रॉडक्ट ओनरकडे जातो.