रडारने श्वास आणि हृदयगती मोजताना

शरीराला काहीही न लावता श्वास व हृदयगती मोजण्यासाठी ६० गिगाहर्ट्झचे रडार मॉड्यूल वापरायचे असेल, तर प्रोग्रॅमला हात घालण्याआधी मॉड्यूलच्या जागेचा विचार करावा. खुर्चीवर स्थिर बसलेल्या व्यक्तीच्या छातीसमोर, सुमारे एक मीटरवर, ते पक्के बसवावे. टेबल हलले तर तेही छातीच्या हालचालीसारखेच नोंदले जाते. फिरता पंखा व हलणारे पडदे समोर नसावेत, आणि सुरुवातीला खोलीत एकच व्यक्ती असावी.

या वारंवारतेला तरंगलांबी ५ मिलिमीटर असते. लहर छातीपर्यंत जाऊन परत येत असल्यामुळे छाती १ मिलिमीटर सरकली, तरी परतलेल्या लहरीची फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते, १४४ अंशांनी बदलते. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने मात्र मिलिमीटरचा काही अंशच. म्हणून श्वास सहज सापडतो आणि खरी कसोटी नाडीची असते.

प्रथम व्यक्ती ज्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतराचा सिग्नल निवडावा आणि सेकंदाला २० वेळा त्याची फेज नोंदवावी. फेज ३६० अंशांनंतर पुन्हा शून्यावर येत असल्याने तिच्यातील उड्या जोडून सलग आलेख करावा. मग ०.१ ते ०.५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या आवर्तनांचीच लय जाऊ देणारा, फिल्टर लावून श्वास आणि ०.८ ते २ हर्ट्झचा लावून हृदयगती वेगळी काढावी. ३० सेकंदांच्या नोंदीवर वारंवारता काढली, तर मिनिटाला सुमारे २ ठोक्यांपर्यंतचा फरक ओळखता येतो. नोंद लांबवल्यास बारकावा वाढतो, पण व्यक्तीला तितका वेळ स्थिर राहावे लागते.

सर्वांत फसवी चूक येथेच होते. मिनिटाला २० श्वास असतील, तर श्वासाच्या सिग्नलमध्येच उमटणारी त्याची तिसरी पट, म्हणजे मिनिटाला ६० (१ हर्ट्झ), नेमकी नाडीच्या पट्ट्यात येते आणि ती नाडी म्हणून दाखवली जाते. म्हणून हृदयगती श्वासाच्या नेमक्या पटीत आली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. व्यक्ती निरोगी असल्यास तिला दहा सेकंद श्वास रोखायला सांगावे. त्या वेळीही आलेखात टिकून राहणारी लय बहुधा हृदयाची असते. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरशी आकडे ताडून पाहिल्याखेरीज ते कोणालाही दाखवू नयेत, आणि ते जुळले तरी या आकड्यांवर उपचारांचा निर्णय घेऊ नये.