ल्युअरला सिंगल गळ की ट्रेबल? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात हिडकल धरणाच्या फुगवट्यावर हातभर लांबीची मरळ काठाला आली. ल्युअरचा, म्हणजे नकली आमिषाचा, मागचा ट्रेबल (तीन काट्यांचा गळ) तिच्या जबड्यात, पुढचा मोकळा. पक्कड घ्यायला वाकलो, तेवढ्यात तिनं अंग झटकलं आणि मोकळ्या ट्रेबलचा काटा माझ्या अंगठ्यात रुतला. उलट्या दातामुळे तो मागं येईना, आणि मासळी तर झटके देतेच आहे! शेवटी डॉक्टरांनी काढला, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यावं लागलं.

त्या रागात घरी येऊन मी सगळे ट्रेबल उतरवले आणि डब्यातले साधे सिंगल, म्हणजे एका काट्याचे, गळ लावले. खरी चूक ही. साध्या गळाचं नेढं असं असतं की ल्युअरच्या रिंगमध्ये ओवल्यावर काटा आडवा पडतो. ल्युअरसाठी वेगळे इनलाइन सिंगल मिळतात. त्यांचं नेढं ९० अंशांत वळवलेलं असतं, म्हणून गळ पोटाखाली सरळ लोंबतो. पुढच्या गळाचं टोक ल्युअरच्या तोंडाकडे आणि मागच्याचं वर ठेवा.

दुसरी चूक वजनाची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तीन काट्यांच्या जागी एक आला की ल्युअर हलका होतो. पाण्यात मधोमध थांबणारा ल्युअर मग हळूहळू वर येतो, तरंगणारा जास्तच वर तरंगतो, चालही बदलते. म्हणून ट्रेबल आणि सिंगल दोन्ही सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला. सहसा एक-दोन मापं मोठा सिंगल लावला की वजन जवळपास जुळतं. मग बादलीभर पाण्यात सोडून बघा. एकाच कुशीवर कलत असेल तर गळ बदला. मोठा घेताना मात्र पुढचा-मागचा एकमेकांत अडकत नाहीत ना, तेही बघा. फार लहान घेतला तर टोक ल्युअरच्या पोटाआडच राहतं आणि मासा निसटतो.

तिसरी चूक म्हणजे सगळीकडे एकच नियम लावणं. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरवर मासा अंदाजानं झेपावतो, पुष्कळदा हुकतो; तिथं ट्रेबल जास्त मासे धरतो. मी तो आजही ठेवतो. उलट खानापूरकडे मलप्रभेच्या खडकांत आणि बुडालेल्या मुळांत तीन काटे म्हणजे अडकायच्या तीन जागा. तिथल्या एका काकांनी मला दोन ल्युअर घालवताना बघितलं आणि म्हणाले, "एकच लाव की रे, वाचतील तुझे." वाचले. जलपर्णीनं भरलेल्या तळ्यात मरळीसाठी तर दोन्ही सोडा. रबरी बेडूक घ्या. त्याचा दुहेरी गळ पाठीला चिकटून असतो, वेलीत अडकत नाही.

सिंगलची तार जाड असते. मासा लागला की काठीला नुसता हिसका देऊन भागत नाही. दोरी ताणून ठाम ओढा. टोक नखावर टेकवून बघा, घसरलं तर ते बोथट झालंय.

पावसाळ्याच्या तोंडाला लालसर पिल्लांचा थवा वर येताना दिसला तर त्याखाली मरळ राखण करत असते. तिथं ल्युअर टाकू नका. ती गेली तर पिल्लं उघडी पडतात. चुकून लागलीच, तर सिंगल असल्यास एका वळणात सुटतो. मी उलटा दात पकडीनं आधीच दाबून ठेवतो आणि तिला पाण्यातच सोडतो.