पावसाळ्यात सेल्युलोज ॲसिटेटचं कोटिंग: पॅन सुरू करण्याआधीची तयारी

ऑस्मॉटिक पंपाच्या गोळीवर (पटलातून पाणी आत ओढून एका बारीक भोकातून औषध बाहेर ढकलणारी गोळी) सेल्युलोज ॲसिटेट या पॉलिमरचा थर, म्हणजे ते पटल, चढवायचा असेल, तर पॉलिमर मागवण्याआधी कोटिंगच्या खोलीत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा काटा, लावा. पॅन (गोळ्या घोळवणारं फिरतं भांडं), स्प्रे गन, तिला द्रावण पुरवणारा पेरिस्टाल्टिक पंप, वजनकाटा हे कोणी विसरत नाही. हायग्रोमीटर विसरतात. मागच्या पावसाळ्यात आमची अख्खी बॅच तेवढ्यासाठी वाया गेली, म्हणून तो पहिल्या ओळीत.

कारण नीट समजून घ्या, नाहीतर तोही एक सोपस्कार होऊन बसेल. पॉलिमर ज्यात विरघळवून फवारतो ते ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे साध्या हवेतही भराभर उडतं आणि उडताना गोळीच्या पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. पृष्ठभाग थंड पडतो. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो आकडा, १५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे हाताशी बराच वाव आहे. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २६ वर येतो. मग चारच अंशांनी पृष्ठभाग थंडावला तरी हवेतलं पाणी ओल्या फिल्मवर बसतं. सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी शिरेल तिथे पॉलिमर साका धरतो, फिल्म पांढुरकी होते आणि तिच्यात बारीक छिद्रं राहून जातात. यालाच ब्लशिंग म्हणतात. फर्निचरच्या लॅकरवर ते आलं तर फक्त दिसायला वाईट. इथे पटलाचं कामच संपतं, कारण पाण्याला आत घ्यायचं आणि औषधाला अडवायचं एवढ्यासाठीच तर ते पटल आहे. छिद्राळ फिल्ममधून औषध चारी बाजूंनी झिरपायला लागलं की वर पाडलेल्या भोकाला काही अर्थ उरत नाही.

याच क्रियेचा मुद्दाम वापर करून असममित (एका बाजूला घट्ट, दुसरीकडे छिद्राळ) पटलं बनवतात, हे खरं. पण तिथे पाणी किंवा नॉन-सॉल्व्हंट (पॉलिमर न विरघळवणारा द्रव) मोजून घातलेलं असतं. हवेतून आलेलं पाणी कोणी मोजत नाही.

सांगलीकरांची एक समजूत मोडून काढायला हवी. कोयनेच्या पाणलोटात धो धो पाऊस आणि इथे नुसतं मळभ, असे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये ढीगभर असतात. रस्ता कोरडा दिसतो, म्हणून लोक पॅन सुरू करतात. रस्त्याकडे बघू नका, हायग्रोमीटरच्या काट्याकडे बघा. दुसरी समजूत याहून वाईट: ‘इनलेटची (पॅनमध्ये सोडायची) हवा गरम केली की झालं.’ २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रतेचा आकडा ३३-३४ टक्क्यांवर येतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण त्या हवेतलं पाणी कुठेही गेलेलं नसतं. दवबिंदू होता तिथेच, २५ अंशांवर राहतो. पाणी खरोखर काढायचं तर डीह्युमिडिफायर लागतो, किंवा निदान आदल्या रात्रीपासून दारं-खिडक्या बंद ठेवून चालवलेला एसी. खोलीतला काटा ५० टक्क्यांच्या वर असेल तर मी पॅन सुरू करू देत नाही. बॅच उद्या होईल.

आता पॉलिमर. ३९८-१० या ग्रेडमध्ये ३९८ म्हणजे ३९.८ टक्के ॲसिटिल (सेल्युलोजला जोडलेला रासायनिक गट) आणि १० हा स्निग्धतेचा, म्हणजे द्रावणाच्या दाटपणाचा, आकडा. ॲसिटिल जितकं कमी, तितकं पटल पाणी जास्त सोडतं. ३२ टक्क्यांची ग्रेड म्हणूनच वापरतात. पण ॲसिटिल बदललं की सॉल्व्हंटही (विरघळवणारा द्रव) नव्याने बघावा लागतो. सगळ्यात जास्त ॲसिटिलचं ट्रायॲसिटेट तर ॲसिटोनमध्ये विरघळतच नाही. एथिल सेल्युलोज हा दुसरा पॉलिमर एकट्याने घेऊ नका, त्यातून पाणी फारच सावकाश शिरतं. डायक्लोरोमीथेन या सॉल्व्हंटचा मोह टाळा: गोळीत ते ६०० पीपीएमपर्यंतच (दहा लाखांत ६०० भाग) चालतं, ॲसिटोन ५००० पर्यंत. पॉलिमरचा डबा उघडला की लगेच बंद करून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं). तोही हवेतली ओल ओढतो.

प्लॅस्टिसायझर (फिल्म लवचीक करणारा पदार्थ) घालायचा हे सगळ्यांना माहीत असतं, कुठला आणि का हे विचारलं की गडबड होते. पेग ४०० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) पाण्यात विरघळून फिल्ममधून निघून जातो आणि मागे मोकळी जागा ठेवतो. त्यामुळे पाणी लवकर शिरतं, पण पटल कमजोर होतं. डायब्युटाइल सेबॅकेट पाण्याला दाद देत नाही. ते फिल्ममध्ये टिकतं, लवचीकपणा देतं आणि पाण्याचा वेग कमी करतं. बरेच जण दोन्ही मिळून घेतात, ते बरोबर आहे. सोर्बिटॉल छिद्रांसाठी घालायचं असेल तर ते ॲसिटोनमध्ये उतरत नाही, आधी थोड्या पाण्यात विरघळवा. हे पाणी रेसिपीत लिहिलेलं असतं, त्याची भीती नाही. न लिहिलेलं पाणी हवेत असतं, त्यासाठी हायग्रोमीटर.

द्रावण करताना पॉलिमर ढवळत ढवळत थोडा थोडा सोडा. एकदम ओतलात तर बाहेरून फुगून गुठळ्या होतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. तीन-चार टक्क्यांच्या वर जाऊ नका, गन धागे काढायला लागते.

गोळ्यांना हात लावण्याआधी त्याच द्रावणाची, त्याच खोलीत, त्याच दिवशी काचेच्या पेट्री डिशमध्ये फिल्म ओता. वर फनेल उलटं घाला, म्हणजे ॲसिटोन सावकाश उडेल. वाळल्यावर फिल्म सोडवून छापील कागदावर ठेवा. अक्षरं स्वच्छ दिसली तर ठीक. कडेला दुधी पट्टा आला असेल, किंवा उजेडासमोर धरल्यावर मध्ये ढगाळ ठिपके दिसले, तर थांबा. फनेलखाली, इतक्या सावकाश वाळूनही फिल्म पांढरी होत असेल, तर गनच्या फवाऱ्यात ती नक्की होणार. डिशवर काट्याचा आकडा लिहून ठेवा. हा आकडा नसला की महिन्याभराने ‘ती फिल्म चांगली का आली होती’ याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

ॲसिटोनच्या आगीबद्दल एकदाच सांगते, पण गंभीरपणे. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, उणे २० अंशांच्या आसपास आहे, आणि वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत दुसऱ्या टेबलापर्यंत पोचते. उघड्या कॉइलचा ब्लोअर पॅनच्या तोंडाशी धरायचा नाही, कोणी सांगितलं तरी नाही. एक्झॉस्ट चालू, पॅनला अर्थिंग, शेजारच्या टेबलावर हॉट प्लेट किंवा बर्नर नको. एसीसाठी खोली बंद ठेवायची ती आदल्या रात्री. फवारणी सुरू झाली की एक्झॉस्ट चालूच राहिला पाहिजे. तो बाहेरची दमट हवा आत ओढतो, म्हणून तेव्हाही काटा बघत राहायचा.

कोर गोळ्या (थर चढवण्याआधीच्या आतल्या गोळ्या) बहिर्वक्र पंचच्या, म्हणजे फुगीर, आणि कडक हव्यात. सपाट गोळीच्या कडेवर थर पातळ बसतो आणि पटल तिथेच फुटतं. पाण्याची ओढ किती हवी त्यावर कोरमध्ये मीठ (सोडियम क्लोराइड) घ्यायचं की मॅनिटॉल ते ठरवा: ३७ अंशांना संपृक्त सोडियम क्लोराइडचा ऑस्मॉटिक दाब ३५६ ॲटमॉस्फिअर, मॅनिटॉलचा जेमतेम ३८. मीठ घेतलंत तर पटलावरचा ताणही त्याच हिशेबाने वाढतो. कोर कोटिंगआधी वाळवून घ्या.

कोटिंग चालू असताना दर पंधरा मिनिटांनी तीन गोष्टी वहीत: इनलेटचं तापमान, गोळ्यांच्या थराचं तापमान, खोलीची आर्द्रता. तिसरी गोष्ट गाळली जाते, म्हणून तिचा रकाना आधी आखा. दुपारनंतर पाऊस सुरू झाला आणि काटा चढला तर फवारा बंद करा. अर्धी बॅच बाजूला काढून वेगळी नोंदवा, चढवलेल्या अर्ध्या थरावर पुढे तसंच मारू नका. वजनातली वाढ बघायला नमुने मध्ये मध्ये काढा आणि निदान तीन पातळ्यांचे वेगळे ठेवा. थर जाड झाला की औषध बाहेर येण्याचा वेग उतरतो, हे थिउवेस या संशोधकाने १९७५ मध्ये मांडलेल्या समीकरणातच आहे.

पुढचं भराभर. गोळ्या ट्रे ड्रायरमध्ये ४०-५० अंशांना रात्रभर; ॲसिटोन उरलं तर ते प्लॅस्टिसायझरसारखं वागतं आणि निकाल फसवतो. भोक अर्धा ते एक मिलिमीटर. लहान पडलं तर आत दाब साचतो, मोठं पडलं तर औषध नुसतं विसरणानेच (पाण्यात आपोआप पसरून) बाहेर येतं. काही गोळ्यांना भोक पाडूच नका. त्याही डिझोल्यूशनला (औषध किती वेगाने पाण्यात उतरतं याची चाचणी) लावा. त्यांतून औषध येत असेल तर फिल्म छिद्राळ आहे, वहीतला आर्द्रतेचा रकाना उघडा. सेल्युलोज ॲसिटेट विरघळत नाही, म्हणून डिझोल्यूशननंतर रिकामी टरफलं शिल्लक राहतात. ती फेकू नका, वाळवून मायक्रोमीटरने जाडी घ्या. एसईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाठवायची असतील तर नंबर आधीच लावा. पाकिटांवर बॅच नंबर पेन्सिलने लिहा, ॲसिटोनचा हात लागला की मार्करची शाई पुसली जाते.